सात वेळा पडणारे देवघरे भैया

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे देवघरे भैया रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर सात वेळा पडतात.

घसरून नाही, चक्कर येऊन नाही. मुद्दाम. आधी सरळ उभे राहतात. हात सैल सोडतात. मग एका बाजूला झुकतात, आणखी झुकतात, आणि आता काही खरं नाही असं बघणाऱ्याला वाटतं तेवढ्यात गुडघा वाकतो, मग कंबर, मग खांदा, आणि सत्तरीचा तो लांबलचक माणूस दोरीवरून निसटलेल्या लुंगीसारखा जमिनीवर पसरतो. घटकाभर तसेच राहतात. मग जसे खाली गेले तसेच उलट वर येतात. आमच्या गच्चीवर रायपूरजवळच्या उरला गावातल्या कारखान्यांची काळी धूळ रोज नव्यानं बसते. त्यामुळे पाठीकडून पांढरी असलेली त्यांची बनियन मी आजवर पाहिलेली नाही.

आम्हाला या घरात येऊन आठ वर्षं झाली. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं आणि बीरगावच्या अलीकडे या घराचा खालचा मजला घेतला. वर भैया एकटेच. बायको कधीच गेलेली, एकुलती मुलगी बंगलोरला नोकरीत. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी मुगवड्या वाळत घालायला गच्चीवर गेले तर हे उताणे पडलेले. मी किंचाळलेच.

"अहो, काय झालं? काय करता आहात?"

"काही नाही वहिनी," ते आडव्याआडव्याच म्हणाले, "पडून राहिलो."

"ते दिसतंय हो, पण पडलात कसे?"

"तेच तर! बरोबर नाही पडलो. वजन मागं राहून गेलं. थांबा, आता पाहा." आणि उठून, माझ्यासाठी म्हणून, परत पडले.

मुगवड्यांचं ताट घेऊन मी तशीच खाली आले आणि यजमानांना म्हटलं, घर चांगलं आहे पण वरचा माणूस तपासून घ्यायला हवा होता.

भैयांनी तीस-पस्तीस वर्षं उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये काढली. लाल तापलेली सळई यंत्रातून सापासारखी सळसळत बाहेर येते, ती लांब चिमट्यानं पकडायची आणि वळवून पुढच्या रोलच्या तोंडात द्यायची. हे त्यांचं काम. वजन जरा चुकीच्या पायावर राहिलं तर सळई माणसाला गुंडाळते. म्हणून जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "वजन कुठं हाय?" सायकलला दोन्हीकडे कॅन लटकवून येणाऱ्या दूधवाल्याला ते तेच विचारतात, ऑफिसच्या कटकटीनं वैतागलेल्या माझ्या सुनेलाही तेच. सरकारी कचेऱ्या नव्या रायपुरात हलल्या तेव्हा सगळा पारा, म्हणजे अख्खी वस्ती, जागांच्या भावाबद्दल बोलत होता. भैया म्हणाले, "शहराचं वजन हललं. आता पाय कुठं पडते ते पाहा."

आणि या माणसाला वेड कशाचं, तर नाचाचं. आपल्या नाचाचं नाही, लावणी-कथकचं नाही, इथल्या पंथी-राऊतनाच्याचंही नाही. सातासमुद्रापलीकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही बायकांनी जुन्या नाचाशी भांडण काढून नवा नाच काढला, त्याचं. त्या बायकांची नावं भैयांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांना नात्यात घेऊन टाकलंय.

पहिली अनवाणी मावशी. त्या काळी तिकडे नाचणारीला कंबर आवळून अंगठ्यावर उभं करत. मावशीनं बूट फेकले, कंबर मोकळी केली, सैल झगा घातला आणि उघड्या पायांनी नाचली. ही गोष्ट किराणा दुकानाबाहेर सांगताना भैयांना एकदा इतका चेव आला की ऐन मे महिन्यात त्यांनी रस्त्यावर चपला काढल्या. पुढचे आठ दिवस तळपायाला मलम. "मावशीच्या गावात मे महिना नसंल," एवढीच तक्रार.

दुसऱ्या रेशीमवाल्या काकू. त्या हातात काठ्या धरून अंगाभोवती गजच्या गज रेशीम फिरवायच्या आणि त्यावर रंगीत दिवे सोडायच्या, की बाई दिसायचीच नाही, नुसती ज्योत. तिसरी पोटातून नाचणारी आत्या. तिच्याबद्दल भैया विचारतात, "वाईट बातमी येते तवा तुमचा हात कुठं जाते? पोटावर. मंग नाच पायात कायले शोधता?" मुखवटा घालून, कधी कधी वाजंत्रीशिवायच नाचणारी जर्मन आजी आहे. नाचात पुढे काय करायचं ते नाणं उडवून ठरवणारे चितपट मास्तर आहेत. मास्तरांच्या मानार्थ भैया दर बुधवारी बाजारात छापा-काटा करून भाजी घेतात. एकदा सलग तीन आठवडे काटा आला आणि तीन आठवडे दुधी खाल्ला, पण मास्तरांबद्दल ब्र काढला नाही.

आणि सगळ्यांत लाडकी, पडणारी ताई. "ताई म्हणते, सरळ उभं राहणं म्हणजेबी मेल्यासारखंच अन् आडवं पडणंबी. जगणं मधात हाय. पडता पडता सावरणं."

आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी लोकांनी त्यांना गंमत म्हणून स्टेजवर बोलावलं. "देवघरे भैया आधुनिक नृत्य सादर करतील." भैया इस्त्रीची पँट घालून आले. स्टेजच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत साधे चालत गेले, जसे दळण आणायला जातात तसे, आणि खाली उतरून खुर्चीवर बसले. लोक थांबले. माइकवाला थांबला.

"झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हव, झालं. शेवटी शेवटी त्या लोकांनी म्हटलं का चालणं हाबी नाचच हाय."

"पण भैया, यात नाच कुठला?"

"मी चाललो तवा तुमी माह्याकडं पाहून राहिले होते का नाही? रोज पाहता का?"

सेक्रेटरींनी पुढच्या मुलीची सरस्वतीवंदना जाहीर केली.

मला या इतिहासातल्या काही गोष्टींची शंका यायची. जर्मन आजीचं म्हणे शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून भांडण होतं, तिचं तोंड बघायला नको म्हणून ती मुखवटा घालायची. पोटातून नाचणारी आत्या पेपरच्या दिवशी दहीभात खाऊन जायची. रेशीमवाल्या काकूंनी ते रेशीम शेवटी एका मुलीच्या लग्नात देऊन टाकलं. हे मी यजमानांना सांगायची आणि आम्ही खूप हसायचो. यजमान गेल्यावर हे सांगून हसायला कोणी राहिलं नाही.

मग मागच्या होळीनंतर मी पडले. मागच्या अंगणात फरशी धुताना. मुद्दाम नाही. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आत धातूची सळई बसवली. भैया भेटायला आले ते एक्स-रे उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत बसले. म्हणाले, "आता तुमी आमच्या खात्याच्या झाल्या."

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले चाला, फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या चाला, मुलगा-सून रोज नव्या रायपूरला ऑफिसला जाताना म्हणायचे चाला. मी वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जायची आणि परत यायची. दाराच्या उंबऱ्यापाशी पाय थांबायचा. तिथून पुढे मला फक्त ओली फरशी दिसायची. चार महिने मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. घरच्यांना वाटे अजून दुखतंय. मीही तसंच सांगायची, कारण साठीच्या बाईनं भीती वाटते असं कोणाला सांगायचं?

भैयांना सांगावं लागलं नाही. एका दुपारी दारात उभे राहून ते माझं मोरीपर्यंतचं चालणं बघत होते.

"वहिनी, तुमी चालून नाही राहिल्या. न पडून राहिल्या."

"म्हणजे काय?"

"सारा जीव न पडण्यात लागला हाय. मंग चालाले काय उरते?" ते आत आले. "तुमाले पडणं शिकाव लागंल."

मी हात जोडले. म्हटलं, एकदा शिकले तेवढं पुरे.

"तुमी नका पडू. मी पडतो, तुमी पाहा."

दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा वाजता देवघरे भैया खाली येऊन आमच्या हॉलमध्ये पडू लागले. मी खुर्चीत बसून बघायची. पहिले काही दिवस मी डोळेच मिटून घ्यायची. मग एका डोळ्यानं बघू लागले. मग माझ्या लक्षात यायला लागलं की हा माणूस एकदम पडत नाही. तो हप्त्याहप्त्यानं खाली जातो, आणि प्रत्येक हप्त्यावर परत यायला वाट असते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, समोर स्वतः उभे राहिले, आणि म्हणाले, डावीकडं झुका. पडाचं नाही. पडाच्या तोंडापर्यंत जाचं अन् वापस याचं. मी बोटभर झुकले. श्वास धरून ठेवला.

"आता पोटातला श्वास सोडा. आत्याची आठवण करा."

"तुमच्या आत्याला घाला चुलीत!" मी ओरडले. पण ओरडताना श्वास सुटला, आणि मी बोटभर झुकलेली परत सरळ झाले. कोणी धरलं नव्हतं.

फिजिओथेरपीच्या बाईंना मी घाबरत घाबरत हे सांगितलं. त्यांनी ते करून दाखवायला लावलं, भैयांना चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, कोणीतरी शेजारी उभं असेल तर चालू द्या. माझ्या सुनेला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ती एक दिवस डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आली. दार उघडलं तर हॉलच्या मधोमध देवघरे भैया डोळे मिटून आडवे, आणि मी काठीला टेकून त्यांच्याकडे शांतपणे बघतेय.

"मम्मी जी! अंकल को क्या हो गया?" तिच्या हातातून डबा पडला.

"काही नाही ग," मी म्हटलं, "वजन बरोबर गेलं त्यांचं आज."

ती बिलासपूरची पोरगी, माझं मराठी तिला अर्धंच कळतं. तिनं आधी माझ्या मुलाला फोन लावला, मग डॉक्टरांना लावू लागली, तेवढ्यात भैया उलगडत उठून बसले आणि तिला म्हणाले, "बहू, चाय मिलेगी?"

दसऱ्याच्या आधी मी उंबरा ओलांडला. भैया माझ्यापुढे दोन पावलं, हात मागे बांधून, वळून न बघता. हात धरत नाहीत म्हणून मला रागच आला होता. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत गेले. तिनं ओळखलं, "कहाँ रहेव दाई अतेक दिन?" म्हणाली, इतके दिवस होतात कुठे. मी पालकाच्या दोन जुड्या घेतल्या आणि त्या पिशवीत न घालता छातीशी धरून घरी आणल्या. माझ्या पोटच्या पोरानं, डॉक्टरांनी, सगळ्यांनी माझ्यासाठी जे करायचं ते केलं, मी कोणाला नाव ठेवत नाही. पण मला रस्ता परत दिला तो या माणसानं, आणि त्यासाठी माझ्या हॉलमध्ये तो किती वेळा पडला ते मी मोजलं नाही.

आता मला ते पुस्तक वाचायची ओढ लागली. भैयांचं सगळं ज्ञान एका जाड इंग्रजी पुस्तकातलं, हे मला ठाऊक होतं. मिलमध्ये वितळवायला आलेल्या भंगारात एक लोखंडी कपाट होतं, त्यात ते सापडलं होतं. मी नोकरीच्या काळात ऑफिसात टायपिस्ट होते, इंग्रजी वाचते. मागितलं तर त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक लगेच दिलं.

वाचता वाचता मी चक्रावले. माणसं तीच होती, फोटोही. पडण्या-सावरण्याचं होतं, जवळजवळ भैया सांगतात तसंच. पण नळाचं पाणी नव्हतं, दहीभात नव्हता, लग्नातलं रेशीम नव्हतं. आणि भैयांच्या गोष्टींत प्रत्येक नाचणारीची आई नाच संपेपर्यंत दारात उभी असते, हातात गरम जेवणाचा डबा घेऊन. पुस्तकात तशी आई एकीचीही नव्हती.

पुस्तक चाळत बसले असतानाच भैयांची मुलगी मीनल चार दिवसांसाठी आली. चाळिशीकडे झुकलेली, मोठ्या हुद्द्यावरची. मराठी समजते, बोलते हिंदी. माझ्याकडे चहाला आली आणि टेबलावरचं पुस्तक बघून तिचा चेहराच उतरला.

"काकी, आपने पढ़ लिया?"

"हो."

ती कप खाली ठेवून म्हणाली, "पापा को इंग्लिश नहीं आती. मैं पढ़ के सुनाती थी. छठवीं में थी. इतनी कठिन इंग्लिश मुझे भी कहाँ आती थी? फोटो देखती थी, बीच-बीच में दो-चार शब्द समझ में आते थे. बाकी मैं बना-बना के सुनाती थी."

"आणि ते ऐकायचे?"

"ड्यूटी से थके हुए आते थे, हाथ जले हुए. मम्मी को गए थोड़े ही दिन हुए थे. मुझे लगा, एक यही चीज़ है जिसमें पापा का मन लगता है. कैसे बोलती कि मुझे नहीं आता?" तिचे डोळे भरले. "अब वो सबको सुनाते हैं काकी. लोग हँसते हैं. मेरी वजह से. आप बता दीजिए ना उनको. मुझसे नहीं होगा."

मी पुस्तक फडक्यात गुंडाळलं, कठडा धरला आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटी वर गेले. भैया गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मी कसंबसं सुरू केलं, की पुस्तक वाचलं, त्यात काही काही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मीनल म्हणत होती...

"मालूम हाय," भैया म्हणाले.

"काय मालूम आहे?"

"पोट्टी मनानं सांगे ते. एकच पान उघडं ठेवून अर्धा अर्धा घंटा वाचे. पान पलटवाचं भुलून जाये." ते हसले. "मी अनपढ हाय वहिनी, आंधळा नाही."

"मग बोलला काहून नाहीत इतकी वर्षं?"

त्यांनी टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, टोकं जुळवली.

"तिची माय गेली तवापासून पोट्टी बोलतच नव्हती. दोन महिने. शाळेतून ये, बस्ता ठेव, भिंतीकडं तोंड करून बस. जेवली का म्हटलं तर मुंडी हलवे. डॉक्टरले दाखवलं, झाडफूकवाल्या बैगाले दाखवलं. मंग एक दिवस मिलमंदी हे पुस्तक भेटलं. मले वाटलं, बापाले इंग्रजी येत नाही हे तर तिले मालूम हाय. म्हटलं, बेटा, जरा वाचून दाखव, मले लई शौक हाय नाचाचा. मले कशाचा शौक? मी तर बारातीतबी नाचलो नव्हतो. पहिल्या दिवशी एक ओळ वाचली तिनं. दुसऱ्या दिवशी दोन. आठव्या दिवशी म्हणे, पापा, ही जी बिना चपलीची नाचते ना, तिची आई दारात उभी हाय, डबा घेऊन." त्यांनी बादलीतून बनियन काढून पिळली. "नाच कोणाले समजत होता वहिनी? पोट्टी बोलून राहिली होती."

मी कठड्याला टेकून उभी राहिले. खालून ट्रक चालले होते.

"तिले सांगू नका," ते म्हणाले. "तिले वाटते तिनं बापाले सांभाळलं. अन् सांभाळलंच ना."

मी मान हलवली. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ती कॉलेजले गेली तवा शेवटची चाळीसेक पानं राहून गेली. पुढं काय झालं कोण जाणे. मी दुसऱ्या कोणाकडून वाचून नाही घेतलं."

"मग तिला सांगा ना वाचायला."

"कसं सांगू? मोठी मॅनेजर हाय आता. चार दिवसांसाठी येते, त्यातबी फोन चालूच."

मी पुस्तक त्यांच्या खाटेवर ठेवलं आणि एकेक पायरी उतरून खाली आले. मीनल दारातच उभी होती.

"बोल दिया?"

"हव."

"गुस्सा हुए?"

"नाही ग. शेवटची चाळीस पानं राहिली आहेत म्हणाले. तुझी वाट पाहताहेत."

आत जाऊन तिनं नळाखाली तोंड धुतलं, माझ्याच पदराला पुसलं आणि फोन माझ्या टेबलावर तसाच ठेवून वर गेली.

थोड्या वेळानं जिन्यातून आवाज येऊ लागला. आधी अडखळत, मग सलग. ती पुस्तकातलं वाचत होती की मनातलं सांगत होती, ते खाली कळत नव्हतं. मधूनमधून फक्त भैयांचं "मंग?" ऐकू येत होतं. माझ्या स्वयंपाकाची वेळ झाली होती. डाळ-तांदूळ धुवून मी कुकरमध्ये घातले, झाकण लावलं, पण गॅस पेटवला नाही. म्हटलं, त्यांची पानं होऊ देत, मग शिट्टी झालेली चालेल.